धुरावरून अग्नी : समुद्रावरील पाऊस मोजण्याचा अमेरिकेतील इतिहास

पृथ्वीवर पडणाऱ्या एकूण पावसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पाऊस समुद्रावर पडतो, आणि तरीही पाऊस मोजण्याचे जे सर्वांत जुने व विश्वासार्ह साधन, म्हणजे ठरावीक तोंडाच्या भांड्यात साठलेल्या पाण्याची उंची सांगणारा पर्जन्यमापक, ते समुद्रावर जवळजवळ निरुपयोगी ठरते. भांडे जहाजाच्या डेकवर ठेवले, तर जहाजाच्या सांगाड्याला वळसा घालणारा वारा थेंब भांड्यावरून पलीकडे उडवून नेतो, लाटांचे तुषार त्यात खाऱ्या पाण्याची भर घालतात आणि हेलकाव्यांमुळे भांड्याचे तोंड समपातळीत राहत नाही; शिवाय वादळ टाळून जहाज हाकणे हे कप्तानाचे कर्तव्यच असल्यामुळे सर्वांत जोराचा पाऊस जहाजांच्या नोंदींतून नेमका गळतो. बेटावरचे भांडे स्थिर असते खरे, परंतु डोंगराळ बेट वारा अडवून स्वतःचा वेगळा पाऊस पाडते. हवाई बेटांपैकी कौआई बेटावरच्या वाइआलेआले या शिखरावर वर्षाला सरासरी नऊ मीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि भोवतालच्या खुल्या समुद्राच्या वाट्याला त्याचा लहानसा अंशच येतो. शिखरावरचे माप समुद्राला लावणे म्हणजे महाबळेश्वरच्या मापाने पंढरपूरचा पाऊस ठरवण्यासारखे आहे.

जे प्रत्यक्ष दिसत नाही ते खुणेवरून कसे ओळखावे, याचा विचार भारतीय न्यायशास्त्राने फार बारकाईने केला आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे हे अनुमान ‘जेथे धूर तेथे अग्नी’ या अव्यभिचारी साहचर्यावर उभे असते आणि या साहचर्याला व्याप्ती म्हणतात. मात्र ‘जेथे अग्नी तेथे धूर’ ही उलटी व्याप्ती खरी नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, आणि धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. अनुमानाला अशी जी छुपी अट चिकटलेली असते तिला नैयायिक उपाधी म्हणतात. समुद्रावरील पाऊस दुरून मोजण्याचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांतील अमेरिकेतला इतिहास सहसा उपग्रहांच्या नावांची आणि प्रक्षेपणाच्या तारखांची मालिका म्हणून सांगितला जातो, परंतु त्याचा खरा गाभा व्याप्ती शोधण्यात, आणि त्याहून अधिक, प्रत्येक व्याप्तीची उपाधी उघडकीस आणण्यात आहे. कारण या काळात दुरून मोजण्यासाठी वापरल्या गेलेल्या एकाही यंत्राने समुद्रावर पाऊस मोजलेला नाही, प्रत्येकाने पावसाची कोणती ना कोणती खूणच मोजली आहे.

उपग्रहांपूर्वीची खूण म्हणजे खलाशाचा शब्द होता. जहाजावरील निरीक्षक ठरावीक वेळी आकाश पाहून ०० ते ९९ पर्यंतच्या सांकेतिक अंकांपैकी एक अंक नोंदवत असे, ज्यात हलकी रिमझिम, मध्यम पाऊस, जोराची सर असे भेद असत. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ टकर यांनी १९६१ मध्ये जमिनीवरील केंद्रांच्या आधारे या अंकांना पावसाचे प्रमाण जोडून उत्तर अटलांटिकचा पाऊस काढला, आणि १९७९ मध्ये क्लाइव्ह डॉर्मन व रॉबर्ट बर्क या कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी तापमानानुसार दुरुस्ती करून तीच पद्धत पॅसिफिकला लावली. थंड प्रदेशातील ‘मध्यम पाऊस’ आणि विषुववृत्ताजवळचा ‘मध्यम पाऊस’ यांत फार अंतर असते, म्हणून ती दुरुस्ती लागत होती. पण जहाजे ठरलेल्या मार्गांनीच जातात, आणि दक्षिण पॅसिफिकचे अफाट पट्टे या नोंदींत कोरेच राहिले.

१ एप्रिल १९६० रोजी केप कॅनाव्हेरल येथून सोडलेला टायरॉस-१ हा पहिला हवामान-उपग्रह अवघे अठ्ठ्याहत्तर दिवस चालला, परंतु ढगांचे पट्टे वरून कसे दिसतात हे त्याने प्रथमच दाखवले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातील व्हर्नर सुओमी यांनी स्वतःभोवती फिरणाऱ्या उपग्रहाच्या प्रत्येक फेरीबरोबर पृथ्वीची एकेक पट्टी टिपणारा कॅमेरा तयार केला आणि डिसेंबर १९६६ मध्ये तो भूस्थिर उपग्रहावर बसला. भूस्थिर म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीनेच परिभ्रमण करणारा आणि म्हणून एकाच भागावर स्थिर भासणारा. आता ढग वाढताना, विरताना सलग पाहता येऊ लागले, आणि त्याबरोबर मोह निर्माण झाला: पाऊस असेल तेथे ढग असतोच, मग ढगावरून पाऊस का काढू नये? ही तीच उलटी व्याप्ती होय. ढग पुष्कळ असतात, बरसणारे थोडे असतात, आणि उंचावरच्या पातळ सिरस ढगांचा माथा अतिशय थंड असूनही त्यांतून थेंबही पडत नाही.

या उलट्या व्याप्तीतून काय वाचवता येईल, याचे उत्तर १९७४ च्या उन्हाळ्यात अटलांटिकवर मिळाले. जागतिक वातावरण संशोधन कार्यक्रमाच्या अंतर्गत जून ते सप्टेंबर या काळात सेनेगलच्या डाकार बंदराचा तळ करून पूर्व अटलांटिकच्या उष्णकटिबंधात सुमारे चाळीस जहाजे आणि डझनभर विमाने एकत्र आणली गेली. ‘गेट’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात चार जहाजांवर पाऊस टिपणारी रडार होती, आणि वरून त्याच वर्षी मे महिन्यात सोडलेला एसएमएस-१ हा अमेरिकी भूस्थिर उपग्रह पाहत होता. खुल्या समुद्राच्या एका विस्तीर्ण तुकड्यावरचा पाऊस आणि त्याच तुकड्यावरचे ढग यांचे तास-तासाचे जोडीने नोंदलेले असे मोजमाप तोपर्यंत कोठेही उपलब्ध नव्हते. फिलिप आर्किन यांनी १९७९ मध्ये या नोंदींची छाननी केली, तेव्हा एकेका ढगाचा हिशेब सोडून मोठ्या क्षेत्रापैकी किती भाग थंड माथ्याच्या ढगांनी झाकलेला आहे एवढेच पाहिले, तर तो अंश आणि पावसाची सरासरी यांत आश्चर्यकारक सुसंगती दिसली. आर्किन आणि माइसनर यांनी १९८७ मध्ये त्याचे साधे सूत्र केले: अडीच अंश अक्षांश आणि अडीच अंश रेखांशांच्या चौकटीत ज्या ढगांच्या माथ्याचे अवरक्त किरणांनी मोजलेले तापमान २३५ केल्व्हिनपेक्षा, म्हणजे सुमारे उणे ३८ अंश सेल्सिअसपेक्षा, कमी आहे त्यांचा अंश घ्यावा आणि त्याला ताशी तीन मिलिमीटरने गुणावे. सूत्र इतके साधे आहे की ते पाहून भौतिकशास्त्रज्ञाला संकोच वाटावा, परंतु त्याची उपाधी उघडपणे सांगितलेली होती: चौकट मोठी हवी, काळ लांब हवा आणि प्रदेश उष्णकटिबंधातला हवा. आपली अट स्वतःच सांगणारे अनुमान दुर्मीळ असते, आणि या सूत्राला लाभलेल्या दीर्घायुष्याचे कारण बहुधा तेच असावे.

दरम्यान मेरिलँड राज्यातील ग्रीनबेल्ट येथील गोडार्ड अंतराळ केंद्रात अगदी वेगळ्या खुणेवर काम चालू होते. ढगाचा माथा न पाहता ढगाच्या आत पाहायचे असेल, तर ढगातील बारीक जलकण ज्यांना अडवत नाहीत परंतु पावसाचे मोठे थेंब ज्यांच्यावर परिणाम करतात अशा लहरी हव्यात, आणि सेंटिमीटरभर लांबीच्या सूक्ष्मलहरी तशा असतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील कोनराड बुटनर यांनी १९६३ मध्येच ही कल्पना मांडली होती. डिसेंबर १९७२ मध्ये सोडलेल्या निंबस-५ या उपग्रहावर १.५५ सेंटिमीटर लांबीच्या लहरी टिपणारे विकिरणमापक यंत्र बसवले गेले. हे यंत्र स्वतः काहीही पाठवत नाही, खालून आपोआप येणारे क्षीण विकिरण फक्त गोळा करते आणि ते किती तापलेल्या पदार्थाकडून आल्यासारखे भासते हे सांगते. या भासमान तापमानाला दीप्ती-तापमान म्हणतात.

समुद्राचा एक विलक्षण गुण येथे उपयोगी पडला. सूक्ष्मलहरींच्या बाबतीत पाणी हा अर्धामुर्धा आरसा असतो, म्हणजे स्वतःच्या उष्णतेच्या मानाने ते जेमतेम निम्मे विकिरण बाहेर टाकते आणि उरलेल्या जागी वरच्या थंड आकाशाचे प्रतिबिंब दाखवते. त्यामुळे प्रत्यक्षात कोमट असलेला उष्णकटिबंधीय समुद्र उपग्रहाला अतिशय थंड भासतो. त्या थंड पार्श्वभूमीवर पाऊस पडत असला, की थेंब स्वतःच्या खऱ्या तापमानाला साजेसे विकिरण देतात आणि पावसाचा पट्टा उजळ, उबदार दिसतो. जमीन मात्र जवळजवळ पूर्ण क्षमतेने विकिरण देते, म्हणून तिच्यावरचा पाऊस या लहरींत वेगळा ओळखू येत नाही. ज्या समुद्राने पर्जन्यमापकाला हजारो वर्षे दाद दिली नाही, तोच समुद्र दूरसंवेदनाला जमिनीपेक्षा सोपा ठरला.

गोडार्ड केंद्रातील थॉमस विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दीप्ती-तापमान व पावसाचा वेग यांचे नाते गणिताने मांडले. पृष्ठभागापासून थेंब गोठण्याच्या उंचीपर्यंत पावसाचा एक सलग थर आहे असे त्यांनी गृहीत धरले आणि थेंबांच्या आकारांची वाटणी मार्शल व पामर यांनी १९४८ मध्ये कॅनडात दिलेल्या नियमाप्रमाणे घेतली. त्यापूर्वी, १९७६ मध्ये, राव, अ‍ॅबट आणि थिऑन या तिघांनी निंबस-५ च्या नोंदींवरून १९७३ व १९७४ या दोन वर्षांच्या सागरी पावसाचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला होता. उपग्रहाने केलेल्या प्रत्यक्ष नोंदींवरून संपूर्ण समुद्राच्या पावसाचे नकाशे काढण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता, आणि खलाशांच्या नोंदींतले कोरे पट्टे त्यात प्रथमच भरले गेले.

या खुणेची उपाधी समजायला वेळ लागला. पाऊस वाढला की दीप्ती-तापमान आधी झपाट्याने वाढते, पुढे वाढीचा वेग मंदावतो आणि ताशी सुमारे वीस मिलिमीटरनंतर ते वाढेनासे होते. आता यंत्राची दृष्टी एका वेळी पंचवीस किलोमीटर किंवा त्याहून मोठा तुकडा व्यापत असेल आणि त्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर ताशी वीस मिलिमीटरची झड व अर्ध्यावर ऊन असेल, तर खरी सरासरी दहा मिलिमीटर असते. परंतु यंत्राला दिसणारे मधले तापमान वक्ररेषेवर वाचले की पाऊस दहापेक्षा बराच कमी निघतो. पाऊस जितका तुकड्यातुकड्यांनी पडेल तितकी ही तूट वाढत जाते. उष्णकटिबंधातला पाऊस तर बहुधा असाच पडतो, एका गल्लीत कोसळणारा आणि दुसरीत कोरडी धूळ ठेवणारा. त्यामुळे या तुटीची भरपाई करणारा गुणक शोधणे हा पुढची दोन दशके चाललेला स्वतंत्र उद्योग झाला.

१९८७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या हवामान-उपग्रहांवर अनेक लहरींमध्ये आणि दोन ध्रुवीकरणांमध्ये पाहणारे विकिरणमापक बसू लागले. त्यांतील सर्वांत आखूड लहरी ढगाच्या वरच्या भागातील बर्फाच्या कणांमुळे विखुरतात, म्हणून जमिनीवरच्या पावसाचीही एक खूण हाती आली. भूस्थिर उपग्रहांचे अवरक्त माप, लष्करी उपग्रहांचे सूक्ष्मलहरी माप आणि जमिनीवरचे पर्जन्यमापक यांची सांगड घालून १९९७ मध्ये दोन मोठे जागतिक नोंदसंग्रह प्रसिद्ध झाले, एक जॉर्ज हफमन व सहकाऱ्यांचा आणि दुसरा पिंगपिंग शिए व आर्किन यांचा. जमिनीवर दोन्ही चांगले जुळले. समुद्रावर त्यांच्यात मतभेद राहिले आणि पंच कोणीच नव्हता.

पंच हवा, तर तो कसा असावा, हा प्रश्न ज्यांनी सर्वांत आग्रहाने लावून धरला त्या जोआन सिम्प्सन होत. १९२३ मध्ये बॉस्टनला जन्मलेल्या सिम्प्सन यांनी दुसऱ्या महायुद्धात शिकागो येथे हवामान अधिकाऱ्यांना शिकवले आणि स्त्रियांनी या शास्त्रात डॉक्टरेट मिळवण्याचा विचारही करू नये असे सांगणाऱ्या वातावरणात १९४९ मध्ये ती पदवी मिळवली. हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकी स्त्री. हर्बर्ट रील यांच्याबरोबर १९५८ मध्ये त्यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार समुद्रावरून उचललेली उष्णता वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचवण्याचे काम थोड्याच, परंतु अत्यंत उंच गडगडाटी ढगांच्या गाभ्यातून होते, ज्यांना ‘तप्त मनोरे’ असे नाव मिळाले. वाफेचे पाणी होताना जी उष्णता मोकळी होते तीच या मनोऱ्यांचे इंधन. म्हणून समुद्रावर किती पाऊस पडला हे कळले तर तेथे वातावरणाला किती उष्णता मिळाली हे कळते. पावसाचे माप ही त्यांच्या दृष्टीने उष्णतेची जमाखर्चवही होती, आणि तिच्यातली चूक थेट पवनचक्राच्या समजुतीत जाते.

१९८६ पासून त्यांनी उष्णकटिबंधीय पर्जन्यमापन मोहिमेचे वैज्ञानिक नेतृत्व केले. ही मोहीम ‘ट्रिम’ या संक्षेपाने ओळखली जाते. मोहिमेपुढची पहिली अडचण यंत्राची नव्हती, हजेरीची होती. उष्णकटिबंधातली सर तास-अर्ध्या तासात संपते, आणि कमी उंचीवरचा उपग्रह एका जागेवरून दिवसातून जेमतेम एकदोनदा जातो. बहुतेक हवामान-उपग्रह तर रोज त्याच स्थानिक वेळी जातात, त्यामुळे दुपारीच पाऊस पडणाऱ्या ठिकाणावर जो सकाळी जाईल त्याला ते ठिकाण कायम कोरडे दिसेल. जेराल्ड नॉर्थ आणि इतरांनी गेटच्या जुन्या रडार नोंदी पुन्हा बाहेर काढून त्यांच्यावरून काल्पनिक उपग्रह फिरवला, आणि मोठ्या चौकटीच्या महिन्याच्या सरासरीत केवळ अधूनमधून पाहण्यामुळे सुमारे दहा टक्क्यांची चूक येईल असा हिशेब काढला. म्हणून ट्रिमची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ३५ अंशांचा कोन करणारी आणि ३५० किलोमीटर उंचीची निवडली, ज्यामुळे उपग्रहाची येण्याची वेळ रोज थोडी सरकत जाऊन दीड महिन्यात दिवसाचे सर्व प्रहर पाहून होत.

जपानी वेळेनुसार २८ नोव्हेंबर १९९७ रोजी तानेगाशिमा येथून जपानी अग्निबाणाने ट्रिम अवकाशात गेला. त्यावर अमेरिकेचे सूक्ष्मलहरी विकिरणमापक होते आणि जपानने बनवलेले, अवकाशातून पाऊस पाहणारे पहिले रडार होते. रडार स्वतः लहरी पाठवते आणि थेंबांवरून परतलेला प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून थेंबांची उंची ठरवते. पाऊस कोणत्या थरात किती आहे हे २५० मीटरांच्या पायऱ्यांनी दिसू लागले. जोराच्या पावसात या लहरी वाटेतच क्षीण होतात, ही त्याची उपाधी. आणि येथे पुन्हा समुद्रच मदतीला आला, कारण कोरड्या हवेत समुद्राच्या पृष्ठभागावरून किती प्रतिध्वनी येतो हे माहीत असल्यामुळे पावसात तो किती कमी झाला यावरून वाटेतली घट काढता येते. गोडार्डचे रॉबर्ट मेनेगिनी यांनी विकसित केलेली ही युक्ती या क्षेत्रातील सर्वांत सुंदर युक्ती म्हणावी लागेल.

एकाच उपग्रहावर एकाच वेळी एकच पाऊस पाहणारी दोन यंत्रे तरीही एकमेकांशी सहमत झाली नाहीत. विकिरणमापकाचा समुद्री पाऊस रडारपेक्षा ठळकपणे जास्त निघाला आणि, अधिक चिंतेची बाब म्हणजे, हा फरक पूर्व पॅसिफिकमध्ये एक व पश्चिम पॅसिफिकमध्ये दुसरा होता. वेस्ली बर्ग, ख्रिश्चन कुमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की दोन्हीकडच्या ढगांची घडणच वेगळी आहे: कोठे गोठणपातळीच्या वर बर्फ भरपूर, कोठे पाऊस उथळ, आणि दोन्ही पद्धतींतील गृहीतके त्या फरकाला वेगवेगळा प्रतिसाद देतात. पंच म्हणून आणलेलाच पक्षकार निघाला.

शेवटी खात्री करण्यासाठी शास्त्रज्ञांना भांड्याकडेच परतावे लागले. मार्शल बेटांतील क्वाजालेन येथे, जेथे अमेरिकी लष्कराचे क्षेपणास्त्र-चाचणीचे केंद्र आहे, ट्रिमसाठी जमिनीवरील रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळे वापरले गेले. हे प्रवाळकंकण इतके सखल व अरुंद आहे की ते वाइआलेआलेप्रमाणे स्वतःचा पाऊस पाडत नाही, आणि त्यावरचा पाऊस समुद्राचाच मानता येतो. तीन वर्षांसाठी बांधलेला उपग्रह २००१ मध्ये ४०२ किलोमीटरांवर उचलला गेला, २००४ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली, चक्रीवादळांचा अंदाज देणाऱ्यांनी आणि संशोधकांनी त्याला विरोध केला, आणि सुरक्षितपणे खाली आणण्यासाठी राखलेले इंधन त्याला चालू ठेवण्यासाठी वापरण्याचा निर्णय झाला. एप्रिल २०१५ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षांहून अधिक काळ, त्याने नोंदी दिल्या.

वरून पाहण्याच्या या धडपडीत खालून ऐकण्याचा एक प्रयत्न उपेक्षित राहिला, त्याचीही नोंद घेतली पाहिजे. पाण्यावर पडणारा मिलिमीटरभर व्यासाचा थेंब पाण्याखाली एक बुडबुडा अडकवतो आणि तो बुडबुडा सुमारे पंधरा किलोहर्ट्झच्या पट्टीत वाजतो. त्याहून किंचित मोठे थेंब जवळजवळ मूक असतात आणि दोन मिलिमीटरांहून मोठे थेंब खालच्या पट्टीतले बुडबुडे करतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील जेफ्री निस्ट्यूएन यांनी या ध्वनींवरून थेंबांचे आकार व पाऊस ओळखणारी जलश्रवण यंत्रे तयार करून पॅसिफिकमधील नांगरलेल्या तरंडांवर लावली. पाण्याखालच्या यंत्राला ना वारा लागतो ना तुषार, आणि त्याचे ऐकण्याचे क्षेत्र भांड्याच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठे असते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिका व जपान यांनी ट्रिमचा वारस सोडला, ज्याचे रडार दोन लहरींत पाहते आणि ज्याची कक्षा ६५ अक्षांशापर्यंत जाते. त्याला प्रमाण मानून अनेक देशांच्या उपग्रहांची मापे एका मापावर आणली जातात आणि दर अर्ध्या तासाचा जागतिक नकाशा तयार होतो. ऑक्टोबर २०११ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स या भारत-फ्रान्सच्या उपग्रहाच्या नोंदीही या मेळ्यात वापरल्या गेल्या. मराठी वाचकाला या नकाशांतला एक तपशील जवळचा वाटेल. १९७९ च्या मोसमी पाऊस प्रयोगात अमेरिकी संशोधन विमानांनी मुंबईहून अरबी समुद्रावर उड्डाणे केली होती, आणि त्या नोंदींवरून ग्रॉसमन व डुरान यांनी १९८४ मध्ये असे मांडले, की सह्याद्री मोसमी वाऱ्याला इतक्या दुरून अडवतो की पावसाचे ढग किनाऱ्याच्या बरेच आधी, खुल्या समुद्रावरच उभे राहतात. त्यामागच्या कारणमीमांसेबद्दल पुढे वाद झाले, परंतु ट्रिमच्या रडारने पावसाचा पट्टा घाटमाथ्याच्या पश्चिमेला, कोकण किनारपट्टी आणि तिच्यालगतच्या समुद्रावर पसरलेला खरोखरच दाखवला. मात्र घाटाच्या वाऱ्याकडील उतारावरचा पुष्कळसा पाऊस उथळ ढगांतून, बर्फ न बनताच पडतो. त्याचा माथा थंड नसतो म्हणून अवरक्त यंत्राला तो दिसत नाही, त्यात बर्फ नसतो म्हणून जमिनीवर सूक्ष्मलहरींना त्याची खूण मिळत नाही, आणि पृष्ठभागाच्या प्रखर प्रतिध्वनीत शेवटचा एक-दोन किलोमीटरचा थर बुडून जात असल्यामुळे रडारलाही त्याचा खालचा भाग नीट वाचता येत नाही, त्यामुळे तेथला आकडा अजूनही घाटावरच्या पर्जन्यमापकांशी ताडूनच स्वीकारला जातो.